बिस्कुटचा पिंजरा

साखळी खुंट्याला होती, पट्टा साखळीला होता, कुत्रं तेवढं नव्हतं. सकाळी सडा टाकायला अंगणात आले आणि बादली हातात तशीच राहिली. राजा आमच्या घरात माझ्याआधी आलेला. माझं लग्न झालं तेव्हा उंबऱ्यात मला बघून भुंकला होता, तर सासरे त्याला म्हणाले होते, गप रे, घरचंच माणूस आहे.

सासरे, म्हणजे तात्या, माझ्या मागून आले. खाली बसून त्यांनी मातीवर हात फिरवला. फरपटत नेल्याची खूण अंगणातून थेट उसाच्या कडेपर्यंत गेली होती. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

लोकांना वाटतं बिबट्या जंगलात राहतो. आमच्या जुन्नर तालुक्यात तो उसात राहतो, उसात वितो, आणि पिलांना उसातच लहानाचं मोठं करतो. आमचा मळा गावापासून दोन मैलांवर, कालव्याच्या खाली. घर तीन खोल्यांचं आणि तिन्ही बाजूंनी ऊस. घरात माणसं चार. तात्या, मी, माझी साडेतीन वर्षांची प्राजक्ता, आणि माझे मिस्टर रोहिदास. मी त्यांना आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही, पण सांगायला सोपं पडावं म्हणून इथं रोहिदास म्हणते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेल्या होत्या.

गणपतीनंतर रोहिदास नारायणगावच्या बाजारातून आले, तर टोमॅटोच्या रिकाम्या क्रेटमध्ये पोत्यावर एक पिल्लू बसलेलं. दोन महिन्यांचं, तांबूस, कान मोडलेले. प्राजक्तानं त्याला बघितलं आणि हातातलं बिस्कीट त्याच्या तोंडात कोंबलं. मग नाव ठेवायचा प्रश्नच उरला नाही. तात्या म्हणाले, कुत्र्याचं नाव बिस्कुट, म्हणजे बिबट्याला चहाचं आमंत्रणच दिल्यासारखं झालं. सगळे हसले, मीही हसले.

हसता हसता मी सांगून टाकलं की हा बाहेर बांधायचा नाही. याला पिंजरा करायचा, आणि रोज दिवस मावळायच्या आत हा पिंजऱ्यात गेला पाहिजे.

मला ते ठाऊक होतं त्याचं कारण असं की माझे वडील मंचरला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. शाळा सुटली की मी तिथंच असायची. बंगलेवाल्यांची भारी कुत्री यायची, आणि डॉक्टरसाहेब त्यांच्या मालकांना समजावून सांगायचे की पिंजरा ही शिक्षा नाही, ते कुत्र्याचं घर असलं पाहिजे. ढकलून आत घालायचं नाही. खाणं आतच द्यायचं. पहिले आठ दिवस दार लावायचंच नाही. आत असताना कधी रागवायचं नाही, आणि रडलं म्हणून दार उघडायचं नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. सासरी येऊन पाच वर्षं झाली होती, आणि मला माहेरून आणलेलं काही दाखवायची पहिल्यांदाच संधी मिळाली होती.

तात्यांना ते पटलं नाही. त्यांचं म्हणणं, राखणीचं कुत्रं राखण करायला असतं, कोंडून ठेवायचं तर मांजर पाळा. मी म्हटलं, तात्या, बाहेर बांधलेलं कुत्रं राखण नाही करत, ते बिबट्याला अंगणापर्यंत आणतं. उद्या कुत्रं नसलं आणि प्राजू असली तर? असं मी बोलले. बोलायला नको होतं, राजाचं दुःख त्यांच्या मनात ताजं होतं.

तात्या म्हणाले, "कर पिंजरा. पण एक ऐक, हेमा. जनावराला पिंजऱ्याचं भ्या पाहिजे. ज्याला पिंजरा गोड लागला, ते जनावर हातचं गेलं."

मी मनात म्हटलं, म्हाताऱ्याला काय कळतंय.

गावात एक फॅब्रिकेशनवाला होता. वनखात्याचे बिबट्याचे पिंजरे मोडले-तुटले की तोच दुरुस्त करायचा. रोहिदासनी जुन्या द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणि जाळी त्याला नेऊन दिली. त्यानं हाताला सवय होती तसाच पिंजरा केला, छोटा, पण वर सरकणाऱ्या दाराचा. दार उचलायचं, खीळ घालायची. सोडलं की खाडकन खाली. वनखात्याच्या पिंजऱ्यांचा उरलेला हिरवा रंगही त्यालाच मारला. मला तो फार आवडला. बिबट्यानं किती पंजे मारले तरी उघडणार नाही असं दार होतं.

पहिले दिवस बिस्कुटनं घर डोक्यावर घेतलं. तात्या कूस बदलत पडायचे आणि सकाळी माझ्याकडं न बघता चहा प्यायचे. पण मी काही मागं हटले नाही. दुधात भाकरी कुस्करून त्याची थाळी आत ठेवायची, तो आत गेला की "बस" म्हणायचं, बसला की शाबासकी द्यायची. "ये" म्हटल्याशिवाय बाहेर यायचं नाही. महिन्याभरात असं झालं की दिवस कलायला लागला की तो आपण होऊन पिंजऱ्यात जाऊन बसायचा आणि माझ्याकडं बघत राहायचा. शेजारच्या मळ्यातल्या बायका बघायला आल्या. रोहिदास बाजारात सांगत सुटले की आमच्या हिनं कुत्र्याला शाळेत घातलंय. तात्यासुद्धा एकदा म्हणाले, दवाखान्याची पोर आहे खरी. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं. मी दोन दिवस हवेत होते.

पौषात ऊसतोड सुरू झाली. वरच्या मळ्यांचा ऊस गेला तसे बिबटे खालच्या उसात सरकले. शेजारची कालवड गेली. मग एका दुपारी प्राजूला घेऊन मी टाकीवर धुणं धूत असताना तो बांधावरून चालत गेला. पळाला नाही, चालत गेला, आमच्याकडं एकदा बघून. त्या दिवसानंतर दुपारीसुद्धा आम्ही दाराला कडी लावायला लागलो.

रोहिदासनी वनखात्यात अर्ज दिला. चौथ्या दिवशी ट्रॅक्टरवरून पिंजरा आला. वनरक्षक कोकणे म्हणून होते, चाळिशीचे, शांत माणूस. घरापासून दोनशे पावलांवर, उसाच्या कडेला त्यांनी पिंजरा लावला. पिंजऱ्याला दोन भाग. मागच्या लहान भागात शेळी, पुढचा मोठा भाग मोकळा. मोठ्या भागात जमिनीवर एक फळी. फळीवर वजन पडलं की दार खाली. शेळीला मधल्या जाळीमुळं धक्का लागत नाही. कोकण्यांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं, शेळीला दोन वेळा चारा-पाणी मागच्या बाजूनं टाका, बाकी कशाला हात लावू नका. मांजर सापडलं तरी मला फोन करा, दार परत लावणं माझं काम आहे. आणि पाच वाजल्यानंतर इकडं कुणी फिरकायचं नाही. त्यांचा नंबर तात्यांनी ओट्याच्या भिंतीवर कोळशानं लिहून ठेवला. चाऱ्याचं काम तात्यांनी घेतलं.

पाच-सहा दिवस काही झालं नाही. बुधवारी रोहिदास टेम्पोनं टोमॅटो घेऊन मुंबईला गेले, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी येणार होते. तात्या ओतूरला कुणाच्या तरी दहाव्याला गेलेले. घरात मी आणि प्राजू. जेवून ती झोपली होती. मी ओसरीत शेंगा फोडत बसले होते. चार वाजले असतील.

उसाकडून दार पडल्याचा आवाज आला. खाडकन.

मला आधी आनंदच झाला. सापडला म्हटलं, सुटलो. मग लक्षात आलं की काही डरकाळी नाही, धडपड नाही. आणि अंगणात बिस्कुट नाही. हाक मारली, तर येईना.

प्राजू झोपेत होती. मी बाहेरून कडी घातली, कोयता घेतला आणि निघाले. मनात एकच, सापडलेला बिबट्या असेल आणि बिस्कुटला त्यानं ओढला असेल.

बिबट्या नव्हता. पिंजऱ्यात बिस्कुट होता. मधल्या जाळीला पाठ टेकवून, पुढचे पाय जुळवून, शहाण्यासारखा बसला होता. शेळी त्याच्या मागं रवंथ करत होती. मला बघून त्यानं शेपटी आपटली, पण जागचा हलला नाही. तसाच हिरवा रंग, तसंच सरकणारं दार. तो आत जाऊन बसला होता आणि मी थाळी घेऊन येईन म्हणून वाट बघत होता. जसं मी शिकवलं होतं, अगदी तसंच.

दार फार जड होतं. कोयता टाकून मी दोन्ही हातांनी उचललं, गुडघ्याचा आधार दिला आणि म्हटलं, "ये." तेव्हा कुठं तो उठून आला. मग मी दार वर नेऊन त्या आकड्यात अडकवायला बघितलं. एकदा, दोनदा, तीनदा. आकडा धरेना. कुठली तार कुठून जाते ते मला कळेना. दिवस खाली चालला होता, घरात पोरगी कोंडलेली. शेवटी मी दार हळूहळू खाली सोडलं. आवाज होऊ दिला नाही.

घरी आले. भिंतीवर नंबर होता, कपाटावर मोबाईल होता. फोन केला असता तर कोकणे तासाभरात आले असते. पण त्यांनी विचारलं असतं, काय सापडलं होतं? मग ते तात्यांना कळलं असतं. तात्या ओरडले नसते, त्यांचा तो स्वभावच नव्हता. त्यांनी फक्त माझ्याकडं बघितलं असतं. मग बिस्कुट राजाच्या खुंट्याला गेला असता, पिंजरा भंगारात गेला असता, आणि दवाखान्याची पोर तोंडावर पडली असती. खरं सांगते, यात बिस्कुटची काळजी निम्मीच होती. निम्मं नुसतं माझं नाक होतं.

ठरवलं, उद्या दहा वाजता कोकणे फेरीला येतात, तेव्हा त्यांना एकटं गाठून सांगू. वाऱ्यानं पडलं म्हणू. तोवर तात्यांना तिकडं जाऊ द्यायचं नाही, एवढंच करायचं होतं. मी शेळीला चारा टाकून आले. तात्या दिवेलागणीला आले, तर मी म्हटलं, तुम्ही दमलात, आजचा चारा मी टाकलाय. ते म्हणाले, बरं केलंस. सकाळीही मीच गेले.

दहा वाजले, अकरा वाजले, कोकणे आले नाहीत. मागून कळलं की गावाच्या पलीकडं विहिरीत बिबट्या पडला होता आणि सगळे तिकडं होते. मी बारा वाजता त्यांना फोन लावला. लागला नाही. एकदाच लावला. पुन्हा लावला असता तर लागला असता, हे मी नंतर इतक्यांदा मनात म्हटलंय की त्याला आता अर्थ राहिलेला नाही.

संध्याकाळी साडेपाचला लाईट आली. मी चुलीपाशी होते. तात्यांनी टॉर्च घेतली, काठी घेतली आणि पायात चपला सरकवल्या.

मी विचारलं, "कुठं निघालात?"

"खालच्या कांद्याला पाणी सोडतो. दोन दिवस लाईट नव्हती, रोप सुकलंय."

"पाच वाजून गेलेत, तात्या. उद्या सोडा."

"उद्या लाईट दुपारची आहे का सकाळची, कुणाला ठाऊक."

"मग हे येतील एवढ्यात, त्यांना जाऊ द्या."

ते हसले. "अगं, पिंजरा लागलाय. त्याचं सगळं ध्यान शेळीकडं. मला म्हाताऱ्याला कोण पुसतंय?"

दार पडलंय, तात्या. तीन शब्द होते. ते माझ्या जिभेवर आले होते, मला आठवतंय. तव्यावर भाकरी होती, ती उलटायची होती. मी भाकरी उलटली. मान वर केली तर ते अंगणातून उतरले होते.

बिस्कुट आपला पिंजऱ्यात जाऊन बसला होता. मी त्याची थाळी ठेवली, दार खाली घेतलं, खीळ घातली. प्राजूला आत घेतलं. मग पुन्हा चुलीपाशी आले आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.

ओरडण्याचा आवाज एकदाच आला. नंतर बिस्कुट पिंजऱ्यात वेडापिसा होऊन जाळीवर उड्या मारायला लागला. मी थाळी आणि पळी घेऊन अंगणात धावले, बडवत राहिले, ओरडत राहिले. शेजारच्या मळ्यातले तिघे-चौघे बॅटऱ्या घेऊन आले. तेवढ्यात रोहिदासचा टेम्पो कालव्यावरून उतरला. त्याचा उजेड उसावर पडला तेव्हा बिबट्या तात्यांना सोडून आत गेला.

तात्या कांद्याच्या वाफ्यापाशी नव्हते. पिंजऱ्याच्या दाराशी पडले होते. मान आणि डावा खांदा. रोहिदासनी त्यांना टेम्पोत टोमॅटोच्या क्रेटवर पोती टाकून झोपवलं आणि तसेच आधी तालुक्याला, मग पुण्याला नेलं.

सकाळी कोकणे आले. प्राजूला शेजारी ठेवून मी पुण्याला जायची तयारी करत होते, त्यांनी मला थांबवून जागा दाखवायला सांगितली. त्यांनी जमीन बघितली, पिंजऱ्याभोवती दोनदा फिरले. ताजे ठसे होते आणि एका दिवसाचे जुनेही होते. बुधवारी रात्रीही तो आला होता. तीन-चार फेऱ्या मारून, बंद दार हुंगून परत गेला होता.

कोकणे म्हणाले, दार उघडं असतं तर परवाच आत आला असता. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले की हा उभ्या माणसावर सहसा येत नाही. वाकलेला, बसलेला माणूस त्याला जनावर वाटतो. तात्या इथं खाली बसले असणार. पण कशाला बसले असतील?

मी पुण्याला न्यायची पिशवी भरायला घरात गेले.

तात्या तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले. आवाज असा की कान तोंडाशी न्यावा लागे. वनखात्याचे साहेब जबाब घ्यायला आले, सोबत कोकणे. रोहिदास पायथ्याशी उभे होते, मी उशाशी. साहेबांनी नीट समजावून विचारलं की आजोबा, पिंजऱ्याचं दार बंद होतं, ते कसं पडलं, काही माहीत आहे का?

माझ्या हातात पाण्याचा पेला होता. मला वाटलं, आता मीच सांगावं. मी तोंड उघडलंसुद्धा असेल.

तात्या म्हणाले, "माझ्याच हातनं पडलं. बुधवारी. चारा टाकायला गेलो, काठी आत सरकली, फळीला लागली."

"मग फोन का नाही केला?"

"म्हटलं उद्या सांगू."

साहेबांनी लिहून घेतलं. रोहिदासनी कपाळाला हात लावला. कोकणे तेवढे माझ्याकडं बघत होते, की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. तात्यांचा अंगठा घेतला आणि सगळे बाहेर गेले.

मला वाटलं तापात बरळताहेत. बुधवारी ते ओतूरला होते, चारा मी टाकला होता. मी खाली वाकले. त्यांनी डोळे उघडले आणि म्हणाले, "रोहिदासच्या कानावर जाऊ देऊ नको. घर नीट चालवा." मग पाणी मागितलं. मी चमच्यानं दिलं. पुढं ते काही बोलले नाहीत. पाचव्या दिवशी पहाटे गेले.

कागदपत्रं करायला रोहिदास खाली गेले होते. नर्सबाईंनी मला तात्यांच्या कपड्यांची पिशवी दिली. बंडी कापूनच काढली होती, रक्तानं कडक झाली होती. बंडीच्या आतल्या खिशात त्यांची पानतंबाखूची चंची होती, तिला काही झालं नव्हतं. मी उघडली. तंबाखू, चुन्याची डबी, आणि त्यांच्याखाली रुमालाच्या कोपऱ्यात बांधलेले काचेचे तुकडे. हिरव्या काचेचे, सोनेरी टिकल्यांचे.

माझ्या बांगडीचे होते. संक्रांतीला भरलेल्या चुड्यातली. ते जड दार गुडघ्यावर पेलताना डाव्या हातातली एक फुटली होती. घरी आल्यावर मनगटावर ओरखडा दिसला होता, मी हळद लावली होती. तुकडे कुठं पडले हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्यांच्या आलं. बंद दार बघितलं, टॉर्च खाली मारली, काच चमकली. ते सगळं समजले. सकाळी कोकणे येतील, दाराशी घरच्या सुनेच्या बांगड्या सापडतील, म्हणून ते वेचायला खाली बसले.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी ते तुकडे तळहातावर जुळवून पाहिले. बांगडी पुरी होत नव्हती. एक तुकडा कमी होता. तोच शोधत असतील.

बिबट्या दहाव्याच्या आदल्या दिवशी त्याच पिंजऱ्यात सापडला. मादी होती. सगळा गाव बघायला लोटला, मी गेले नाही. तुकडे मी कालव्यात टाकले. रोहिदासना काही सांगितलं नाही. तात्यांनीच बजावलं होतं, असं मी स्वतःला म्हणत आले. मेल्या माणसाचा शब्द पाळायचा म्हटलं की किती सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं.

बिस्कुट अकरा वर्षं जगला. रोज दिवस कलताना आत, सकाळी बाहेर. म्हातारपणानं गेला. आज आमच्या पंचक्रोशीत मळ्यामळ्यात कुत्र्यांना पिंजरे आहेत, आणि पिल्लाला सवय कशी लावायची ते विचारायला बायका माझ्याकडंच येतात. मी सांगते. माझं म्हणणं बरोबर होतं, पिंजऱ्यानं कुत्री वाचतात. फक्त त्यांना सांगते की पिंजरा वेगळ्या रंगाचा करा, दार बिजागरीचं करा. का, ते कुणी विचारत नाही. घरात कुठं काही खाडकन पडलं की माझा हात आपोआप मनगटाकडं जातो.

रोहिदास तेव्हापासून वनखात्याचे स्वयंसेवक झालेत. शाळेत, ग्रामसभेत, कारखान्यावर तोडणी कामगारांसमोर, जिथं बोलावतील तिथं जातात. बोलतात चांगलं. शेवटी नेहमी वडिलांची गोष्ट सांगतात. माझे वडील फार जपून वागणारे होते, पण त्यांच्या हातून एक चूक झाली आणि ती त्यांनी झाकली. तुम्ही झाकू नका, लगेच फोन करा. असं अठरा वर्षांनीही ते सांगतात. मी बायकांमध्ये बसलेली असते. बायका हळहळतात, म्हणतात, म्हातारं माणूस, विसरलं असेल. एकदा एक जण म्हणाला की हट्टी असतात म्हातारे. मी मान हलवली.

यंदा प्राजक्ता एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. बिबट्या आणि माणूस यांच्यावर तिचा प्रकल्प आहे. तालुक्यातल्या वीस हल्ल्यांची माहिती ती गोळा करतेय, एकेका घरी जाऊन. आमचं घर तिनं सगळ्यात शेवटी ठेवलं होतं. गेल्या रविवारी दुपारी वही घेऊन ओसरीत माझ्यासमोर बसली. वनखात्यातून तिनं जबाबाची प्रत आणली होती. त्यात आजोबांचा अंगठा होता. तिनं वेळ विचारली, ऊस किती उंच होता विचारलं, लाईट कधी आली विचारलं. मी सगळं खरं सांगितलं. पोरगी हुशार आहे, माझ्यासारखीच खोदून विचारते.

मग ती कागदावर बोट ठेवून थांबली.

"आई, बाबा म्हणतात त्या बुधवारी आजोबा ओतूरला दहाव्याला गेले होते, ते दिवेलागणीला आले. मग शेळीला चारा कुणी टाकला?"

ती मान वर करून माझ्याकडं बघत होती. पेन उघडं होतं. आत रोहिदास रेडिओ लावून पडले होते, त्यांना सगळं ऐकू जात होतं. तात्यांनी सांगितलं होतं त्याला अठरा वर्षं झाली होती, आणि घर नीट चाललं होतं.

"आजोबांनीच," मी म्हणाले.

तिनं ते लिहून घेतलं.